सायकलीच्या ब्रेकची तार

सायकलीच्या मुठीजवळील कळ दाबली असता हाताची ओढ चाकाजवळच्या ब्रेकपर्यंत पोहोचविणारी पीळदार पोलादी तार आणि तिच्याभोवतीचे लवचिक आवरण या जोडीस ब्रेकची तार म्हणतात. बाजारात आतील तारेस ‘ब्रेक वायर’ व आवरणास ‘आऊटर’ ही नावे रूढ आहेत. ब्रेकला ‘गतिरोधक’ असा पारिभाषिक शब्द आहे. तथापि लोकव्यवहारात तो रस्त्यावरील उंचवट्यालाच चिकटून बसल्यामुळे सायकलीच्या संदर्भात ब्रेक हाच शब्द सोयीचा ठरतो.

सायकलीच्या इतर भागांच्या मानाने तार ही अल्पमोली व क्षुल्लक वाटणारी वस्तू आहे; परंतु तिच्या आगमनाने सायकलीच्या निगेचे स्वरूपच पालटले. तिच्यापूर्वी प्रचलित असलेल्या दांडीच्या ब्रेकमधील प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसे व त्याचा बिघाड आवाजाने कळे. तारेतील दोष मात्र आवरणाच्या आत, नजरेआड वाढतो आणि कळ जोराने दाबण्याचा प्रसंग येतो तेव्हाच उघड होतो. त्यामुळे बिघडल्यावर दुकानात नेण्याची जुनी रीत येथे पुरेशी ठरत नाही. सायकल जेथे ठेवली जाते तेथेच, म्हणजे घरी, तारेची वेळोवेळी तपासणी व्हावी लागते. मराठवाड्यातील साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) यासारख्या गावी, जेथे पावसाळा व काळी माती ही तारेची मुख्य शत्रू आहेत, तेथे या फरकाचे महत्त्व विशेष आहे.

इतिहास : जर्मनीतील मानहाइम येथे १८१७ मध्ये कार्ल फोन ड्राइस यांनी चालविलेल्या, पायांनी जमीन रेटून पुढे न्यावयाच्या लाकडी दुचाकीपासून सायकलीच्या इतिहासास प्रारंभ झाला, असे सामान्यतः मानतात. १८६० नंतरच्या दशकात पॅरिस येथे मीशो यांच्या कारखान्यात तयार झालेल्या पायडलच्या सायकलीत हँडल पिळून त्यावर दोरी गुंडाळण्याची व त्यायोगे मागील चाकाच्या लोखंडी धावेवर चमच्याच्या आकाराची पट्टी दाबण्याची योजना होती. ओढ वाहून नेण्यासाठी लवचिक साधन वापरण्याची कल्पना अशा रीतीने बरीच जुनी आहे. परंतु दोरी सरळ रेषेतच काम देते, वळणावर तिला कप्पीचा आधार लागतो आणि ओली झाली म्हणजे तिची लांबी बदलते. म्हणून हे साधन मागे पडले.

पुढे आलेल्या उंच चाकाच्या सायकलीत पट्टी पुढील भरीव रबरी धावेवर दाबली जाई. स्वार जवळजवळ पुढील आसाच्या माथ्यावर बसत असल्याने ब्रेक एकदम लागताच तो हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा मोठा धोका असे. पुढील ब्रेकविषयी सायकलस्वारांत आढळणारी धास्ती त्या काळापासूनची आहे. आधुनिक सायकलीला ती पूर्णतः लागू पडत नाही. किंबहुना कोरड्या सपाट रस्त्यावर थांबविण्याचे अधिक काम पुढील ब्रेकच करतो, कारण गती कमी होऊ लागताच भार पुढील चाकाकडे सरकतो.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये रोव्हर ही दोन जवळजवळ समान चाकांची व साखळीने चालणारी सायकल तयार केली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. या दोन घटनांनी सायकलीला आजचे रूप दिले आणि ब्रेकचा प्रश्नही नव्याने उभा केला. हवेच्या टायरवर पट्टी घासल्यास टायर झिजतो. तेव्हा घर्षण टायरवर न करता चाकाच्या धातूच्या कडीवर, म्हणजे रिमवर, करणे क्रमप्राप्त झाले. रिमवर दाबणारे रबरी गुटके दोन मार्गांनी हलविता येतात : कडक दांड्यांच्या साखळीने किंवा लवचिक तारेने. पुढील शंभर वर्षांचा इतिहास बहुतांशी या दोन मार्गांच्या स्पर्धेचा आहे.

बाउडेन तार : अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन (१८६०–१९०४) यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये जिच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या योजनेस त्यांच्याच नावाने ‘बाउडेन तार’ म्हणतात. तिचे मर्म तारेत नसून आवरणात आहे. नुसती तार वाकविली तर ओढताच ती सरळ होऊ पाहते व वळणातून बाहेर येते. बाउडेन यांनी ती पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांनी बनलेल्या नळीत घातली. अशी नळी हवी तशी वाकते, परंतु वेटोळी एकमेकांस टेकलेली असल्यामुळे लांबीने आखडत नाही. आतील तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढाच दाब आवरणावर उलट दिशेने येतो आणि त्यामुळे हँडल कोणत्याही बाजूस वळले तरी ओढ ब्रेकपर्यंत पोहोचते. कप्पी, सांधा वा तरफ यांची मध्ये गरज उरत नाही. आवरणाची दोन्ही टोके पक्की टेकलेली असणे मात्र अपरिहार्य ठरते. एखादे टोक खाचेतून सुटल्यास तार शाबूत असूनही ब्रेक लागत नाही. पुढे हीच तार मोटारसायकली, विमाने, छायाचित्रण-यंत्रे इत्यादी अनेक ठिकाणी वापरली गेली.

या तारेचे श्रेय रॅले कंपनीचे संस्थापक सर फ्रँक बाउडेन यांना देण्याची चूक अनेकदा होते. आडनावाच्या साम्यापलीकडे या समजास पुरावा नाही.

दांडीचे ब्रेक व भारत : तारेचा शोध लागूनही ब्रिटनमध्ये रोजच्या वापराच्या जड सायकलींवर दांडीचे ब्रेक दीर्घकाळ टिकून राहिले आणि वसाहतींकडे मुख्यतः अशाच सायकलींची निर्यात झाली. भारतात सायकल म्हटले की जी काळी, उंच, सु. २० किग्रॅ. वजनाची, २८ × १ १/२ इंच टायरची सायकल डोळ्यांसमोर येई, ती याच घराण्यातील. तिची रिम वेस्टवुड नावाने ओळखल्या जाणाऱ्या घडणीची असते. या रिमच्या दोन्ही कडांशी, आऱ्यांच्या बाजूस, गोलाकार पन्हळी असतात आणि नालाच्या आकाराच्या पकडीतील दोन गुटके त्यांवर आतून, म्हणजे टायरच्या दिशेने, ओढले जातात. मुठीखालील कळ उचलताच पुढील दांडी सरळ वर येते; मागील ब्रेकची ओढ मात्र सांगाड्यावरील तरफांमार्फत दोनदा दिशा बदलून मागे जाते.

या योजनेचे गुण खेड्यातील वापरास अनुकूल होते. दांडी सहसा तुटत नाही, वाकल्यास हातोडीने सरळ करता येते, आणि नट ढिला झाल्यास एका पान्याने काम भागते. तिचे दोषही तितकेच स्पष्ट होते. चाकात थोडा जरी बाक आला तरी गुटका घासू लागे. पंक्चरसाठी मागील चाक काढावयाचे तर ब्रेकची पकड सोडवावी लागे. आणि पोलादी रिम ओली झाली म्हणजे घर्षण अनेक पटींनी घटून सायकल लवकर थांबत नसे. हा शेवटचा दोष दांडीचा नसून रिमच्या धातूचा होय. तारेचे ब्रेक पोलादी रिमवर बसविल्यास तोही त्यांच्याबरोबर येतो. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची रिम ओल्यात पुष्कळच चांगले काम देते.

स्वातंत्र्याच्या सुमारास सायकलींची निर्मिती देशातच होऊ लागली. मुंबईत हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये स्थापन झालेली टी. आय. सायकल्स, आसनसोल येथील सेन-रॅले, सोनीपत येथील ॲटलास (१९५१) आणि लुधियाना येथील हीरो (१९५६) हे त्यांतील प्रमुख कारखाने. पैकी हिंद सायकल्स व सेन-रॅले यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ॲटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील उत्पादन जून २०२० मध्ये थांबले. या सर्वांनी प्रारंभी दांडीच्या ब्रेकची सायकलच प्रामुख्याने बनविली. परिणामी देशभर एकाच घडणीचे सुटे भाग मिळत आणि कोणत्याही गावच्या कारागिराला कोणतीही सायकल परिचित असे. एका अर्थी ही मोठीच सोय होती.

मराठवाड्यातील स्थिती : साखरा ज्या भागात आहे तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुणे हे शहर सायकलींचे म्हणून प्रसिद्धीस आले; मराठवाड्यातील खेड्यांत मात्र सायकल ही दीर्घकाळ प्रत्येक घरची वस्तू नव्हती. टपालवाटप करणारा पोस्टमन, शिक्षक, दूध घालणारा, फिरता विक्रेता यांच्याकडे ती प्रथम दिसे. इतरांची गरज तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने भागवीत. दुरुस्ती, पंक्चर आणि भाडे हे तिन्ही व्यवसाय बहुधा एकाच दुकानात चालत. सायकलीची निगा ही दुकानदाराची जबाबदारी आणि ती चालविणे हे गिऱ्हाइकाचे काम, अशी विभागणी त्यामुळे रूढ झाली. भाड्याच्या सायकलीचा ब्रेक लागतो की नाही हे पाहून घेण्यापलीकडे स्वाराला त्याची फारशी माहिती नसे.

हिंगोली जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात गाडीवाटेवरील चिखल टायर व मडगार्ड यांच्यामध्ये भरतो, ब्रेकच्या पकडीत वाळतो आणि दांड्यांचे सांधे जाम करतो. पुष्कळ स्वार यावर सोपा, परंतु घातक उपाय योजीत : ब्रेक काढूनच टाकीत आणि थांबण्यासाठी चपलेचा तळ टायरवर किंवा जमिनीवर घासीत. सपाट पायवाटेवर, ओझ्याशिवाय, मंद गतीने जाताना हे निभावत असे. डांबरी रस्ते आले, मोटारींची वर्दळ वाढली, तरी ही सवय लगेच गेली नाही.

तारेचा प्रसार : शर्यतीच्या हलक्या सायकलींना तारेचे ब्रेक पूर्वीपासून असत, मुंबई–पुणे सायकल शर्यतीसारख्या स्पर्धांतून अशा सायकली महाराष्ट्रातील प्रेक्षकांच्या परिचयाच्या होत्या. सर्वसामान्य बाजारात मात्र तार मुख्यतः १९८० नंतर पसरली. मुलांसाठी व मुलींसाठी लहान चाकांच्या, रंगीत सायकली निघाल्या. पाठोपाठ हीरो कंपनीची ‘रेंजर’ व तिच्यासारख्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली आल्या. यांच्या सांगाड्यात दांड्यांना जागाच नव्हती. आडवा दांडा खाली घेतलेल्या मुलींच्या सायकलीवर तर तार विशेष सोयीची, कारण सांगाड्याच्या कोणत्याही आकाराशी ती जुळवून घेते.

मुलींच्या सायकलींची संख्या वाढण्यास शासकीय योजनांचाही हातभार लागला. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता मोहिमेत स्त्रियांना सायकल शिकविण्याचा मोठा उपक्रम झाला. बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाची व्याप्ती २०११ मध्ये १२५ मागास तालुक्यांपर्यंत वाढली आणि त्यात शाळेपासून पाच किमी.पर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची तरतूद होती. हिंगोली जिल्हा या कार्यक्रमातील जिल्ह्यांपैकी एक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ४४·८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. अशा रीतीने सायकल भाड्याच्या दुकानातून घराच्या ओसरीवर आली. पण निगेची जुनी विभागणी मनात कायम राहिली. योजनांची परिणामकारकता मोजताना सायकलींची संख्या व मुलींची उपस्थिती पाहिली जाते. दोन पावसाळ्यांनंतर त्यांपैकी किती सायकलींचे ब्रेक लागतात, हाही प्रश्न तितक्याच महत्त्वाचा आहे. कारण सायकल ओसरीला टेकून राहण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या किरकोळ दोषापासून होते.

तारेतील दोषांचे स्वरूप : ब्रेकची आतील तार बहुधा १९ बारीक तारांच्या पिळाची व १·५ ते १·६ मिमी. व्यासाची असते, आवरणाचा बाह्य व्यास सु. ५ मिमी. असतो. तारेच्या एका टोकास धातूची घुंडी ओतलेली असून ती कळीच्या खोबणीत बसते. दुसरे टोक ब्रेकच्या चिमट्यावरील बोल्टखाली आवळलेले असते.

वळणावर तार आवरणाच्या आतील बाजूस घासते आणि ओढीचा काही भाग तेथेच खर्ची पडतो. ही हानी वळणांच्या एकूण कोनाबरोबर झपाट्याने वाढते. उदा., घर्षणांक ०·१ असेल आणि सर्व वळणांची बेरीज १८०° असेल, तर कळीपाशी १० किग्रॅ.ची ओढ दिली असता ब्रेकपाशी सु. ७·३ किग्रॅ. पोहोचते. गंज वा वाळलेल्या चिखलाने घर्षणांक दुप्पट झाल्यास तीच ओढ सु. ५·३ किग्रॅ. उरते, आणि वळणांची बेरीज २७०° असल्यास ४ किग्रॅ.पेक्षाही कमी. मागील ब्रेकची तार लांब व अधिक वळणांची असल्याने ती आधी निकामी होते, याचे कारण हेच. त्यातही चिमट्याजवळचे शेवटचे वळण चाकाने उडविलेल्या चिखलाच्या माऱ्यात असते. ब्रेक ‘जड’ झाला अशी तक्रार सुरू होते तेव्हा स्वार अधिक जोर लावून वेळ निभावतो. मग सवय होते, आणि लहान मुलाच्या बोटांत मात्र तेवढा जोर नसतो.

दुसरा दोष तार झिजून तुटण्याचा. ती एकदम तुटत नाही. घुंडीजवळ, जेथे प्रत्येक वेळी ती वाकते, किंवा बोल्टखाली, जेथे ती चेपली जाते, तेथे पिळातील एकेक बारीक तार तुटून केसासारखी बाहेर येते. असा एक जरी केस दिसला तरी तार बदलावी. उरलेल्या तारांवर भार वाढत गेल्याने पुढील तारा उत्तरोत्तर लवकर तुटतात.

घरगुती निगा : या कामास लागणारी साधने थोडी आहेत : दोन योग्य मापांचे पाने, पक्कड, शिवणयंत्रासाठी मिळणारे पातळ तेल, चिंधी व जुन्या ट्यूबची एक पट्टी. प्रथम दोष कोठे आहे ते ठरवावे. कळ दाबली असता ती हँडलच्या मुठीला टेकता कामा नये व सोडताच झटक्याने मागे यावी. ती रेंगाळत असेल तर दोष तारेत, कळीच्या खिळ्यात किंवा चिमट्याच्या सांध्यात असू शकतो. चिमट्यावरील बोल्ट सैल करून तार सोडवावी व तिन्ही भाग स्वतंत्रपणे हलवून पाहावेत. चिमटा हाताने दाबून सोडल्यावर स्वतः उघडत असेल आणि कळही मोकळी हलत असेल, तर अडथळा तारेतच आहे. ही एवढी परीक्षा न करता थेट नवी तार घालण्यात पैसा व श्रम दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

तेल देताना ते आवरणाच्या आत पोहोचले पाहिजे. बाहेरून चोपडल्याने काहीच साधत नाही, उलट धूळ चिकटते. कळीकडील घुंडी खोबणीतून काढून आवरणाचे ते टोक उंच धरावे, त्याभोवती कागदाचे वा प्लॅस्टिकचे लहानसे नरसाळे बांधून थेंब-थेंब तेल सोडावे व तार वरखाली करीत राहावे. खालच्या टोकाने तेल बाहेर येऊ लागले की काम झाले. प्रथम निघणारे तेल तांबूस व गढूळ असते. ते स्वच्छ येईपर्यंत सोडत राहिल्यास आतील गंजाची भुकटी बरीचशी धुऊन निघते. रात्रभर सायकल तशीच ठेवून सकाळी दोन्ही टोके पुसावीत. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल वापरण्याचा प्रघात आहे; परंतु ते सु. २४° से.च्या खाली गोठते आणि हिंगोलीकडील हिवाळ्यात पहाटे, म्हणजे मुले शाळेस निघण्याच्या सुमारास, तार नेमकी जड होते. शिवाय खाद्यतेले कालांतराने चिकट होतात. रॉकेलने गंज व मळ सुटतो, पण वंगण मिळत नाही. ते वापरल्यास नंतर तेल द्यावेच लागते. अलीकडील काही आवरणांना आतून नायलॉनसारख्या पदार्थाचे गुळगुळीत अस्तर असते. अशांना तेल अगदी अल्प लागते. गुटके व रिम यांना तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये. झालाच तर रिम साबणाच्या पाण्याने धुवावी व गुटके बारीक पॉलिश कागदाने घासावेत; तेल मुरले असल्यास ते बदलणेच योग्य.

यानंतर ताण जुळवावा. गुटका व रिम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस सु. दीड ते दोन मिमी. अंतर असावे. थोडाच फरक असल्यास आवरणाच्या टोकाशी असलेला पोकळ पेच बाहेर फिरविल्याने आवरण लांबल्यासारखे होऊन तार ताणली जाते. पेच जुळल्यावर त्यावरील चकतीचा नट आवळावा. पेच संपत आला असेल तर तो पूर्ण आत घेऊन बोल्टपाशी तार पुन्हा ओढावी लागते. कारागीर हे काम एकहाती करताना दिसतात. घरी मात्र दोन्ही गुटके रिमवर दाबून त्यांभोवती ट्यूबची पट्टी बांधावी म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बोल्ट आवळल्यावर कळ पूर्ण जोराने दहाबारा वेळा दाबावी. तार बोल्टखालून घसरणार असेल किंवा आवरण खाचेत नीट बसलेले नसेल, तर ते येथेच उघडकीस येते, रस्त्यावर नव्हे. ही पायरी वगळण्याकडे सर्वसाधारण कल असतो.

नवी तार घेताना जुनी बरोबर न्यावी, कारण घुंडी दोन प्रकारची असते : आडव्या नळकांड्यासारखी व पेअर फळासारखी. चुकीची घुंडी खोबणीत कशीबशी बसते आणि नंतर निसटते. आवरण बदलताना जुन्याएवढेच तोडावे. टोक सरळ कापून कानशीने घासावे व चेपलेले तोंड खिळ्याने मोकळे करावे, अन्यथा आतील धारदार कड नव्या तारेला कुरतडते. आवरण आखूड झाल्यास हँडल वळविताच ब्रेक आपोआप लागतो, लांब झाल्यास वळणे वाढून ओढ वाया जाते. म्हणून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून खात्री करून घ्यावी. बोल्टपलीकडे उरलेली तार तीनचार सेंमी. ठेवून कापावी व टोकास धातूची टोपी चेपून बसवावी. टोपी नसल्यास तार उसवते आणि चाकाशी काम करणाऱ्याच्या बोटात शिरते.

गिअरच्या सायकलींचे आवरण ब्रेकसाठी वापरणे धोक्याचे आहे. जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ठरावीक टप्प्यांनी बदलणारे गिअर बाजारात आणल्यानंतर गिअरसाठी वेगळ्या घडणीचे, सु. ४ मिमी. व्यासाचे आवरण प्रचारात आले. त्यातील तारा वेटोळ्यांच्या नसून लांबीच्या दिशेने सरळ असतात व केवळ प्लॅस्टिकच्या वेष्टनाने एकत्र राहतात. ब्रेकचा दाब आल्यास हे वेष्टन फाटू शकते. दिसण्यात दोन्ही सारखीच असल्याने विकत घेताना हा भेद सांगून घ्यावा लागतो.

गुटक्यांकडेही त्याच वेळी पाहावे. ते टायरला स्पर्श करणारे नसावेत आणि रिमच्या कडेखाली उतरलेलेही नसावेत. पहिल्या बाबतीत टायर फाटतो, दुसऱ्यात गुटका निसटून आऱ्यांत अडकण्याचा संभव असतो. रबरात रुतलेले धातूचे कण टोकदार वस्तूने काढावेत. सर्व काम झाल्यावर सायकल प्रथम हाताने ढकलून, मग सपाट मोकळ्या जागेत मंद गतीने चालवून दोन्ही ब्रेक एकेक करून तपासावेत. भारतात सामान्यतः उजव्या हाताची कळ पुढील चाकाची असते. तारा अदलाबदल झाल्यास स्वाराचा हात सवयीने चुकीच्या कळीवर जातो. साखऱ्यासारख्या ठिकाणी ही तपासणी मृगाच्या पावसापूर्वी एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्यास व खरीप निघाल्यावर एकदा केली, तर तार पुष्कळ टिकते. चिखलातून आलेली सायकल धुताना पाण्याची धार आवरणाच्या टोकांवर सोडू नये.

नंतरच्या घडामोडी : १९९६ मध्ये शिमानोने ‘व्ही ब्रेक’ हा लांब बाहूंचा प्रकार बाजारात आणला. त्याला तारेची ओढ जवळजवळ दुप्पट लांबीची लागते, म्हणून जुन्या चिमट्याच्या ब्रेकची कळ त्यास चालत नाही. चाकाच्या आसाजवळील तबकडीवर घर्षण करणारे तबकडी ब्रेक एकविसाव्या शतकात स्वस्त सायकलींवरही दिसू लागले. त्यांत रिम ओली असली तरी फरक पडत नाही. महागड्या सायकलींत तारेऐवजी नळीतील द्रवाच्या दाबाने ओढ पोहोचविली जाते व त्यांची दुरुस्ती घरी करणे कठीण असते. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त तबकडी ब्रेकांना मात्र बहुधा बाउडेन यांचीच तार असते, आणि तिच्या निगेची रीत वर वर्णिल्याप्रमाणेच आहे. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीही लुधियाना येथे अद्याप तयार होतात. ओझे वाहणारे त्यांनाच पसंती देतात.